टी-पेशीच्या दोन किल्ल्या

आपट्याहून खारघरला जायचे तर रोहा मार्गावरची गाडी धरून पनवेलला उतरावे आणि पुढे हार्बरची लोकल घ्यावी. आमच्या गावचे एक गृहस्थ धाकट्या भावाला घेऊन त्या वाटेने टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये जातात. एकदा स्टेशनच्या बाकावर त्यांनी मला विचारले, “पेशी अंगातून काढतात आणि त्याच परत घालतात म्हणे. मग मधे करतात तरी काय?” गाडी आली आणि उत्तर अर्धेच राहिले.

टी-पेशी ही रक्तातली एक पांढरी पेशी. तिला दिसत नाही. ती चाचपून ओळखते. त्यासाठी तिच्या अंगावर प्रथिनांचे रेणू असतात. त्यांना ‘सीडी’ आणि पुढे क्रमांक अशी नावे देण्याची पद्धत १९८२ च्या पॅरिस परिषदेपासून रूढ झाली. (नावे रुक्ष आहेत खरी, पण शास्त्रज्ञांची भांडणे मिटली.) दुसऱ्या पेशीने पुढे धरलेला प्रथिनाचा तुकडा टी-पेशीचा ग्राहक-रेणू पकडतो, पण आत निरोप पोचवतो तो त्याला बिलगलेला सीडी-३.

एवढ्याने पेशी पेटत नाही. बँकेच्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात, तसा इथे सीडी-२८ लागतो. समोरच्या पेशीने धोक्याची खूण म्हणून दाखवलेला रेणू त्याला जुळला, तरच कुलूप उघडते. पहिलीच किल्ली फिरली तर टी-पेशी सुस्त पडते. आपलीच प्रथिने तिला दिवसभर भेटत असतात; ही खबरदारी नसती तर तिने आपल्यालाच खाल्ले असते.

ही किल्ली किती जालीम आहे हे मार्च २००६ मध्ये लंडनला कळले. सीडी-२८ ला पहिल्या किल्लीवाचूनच चेतवणारे एक औषध सहा निरोगी तरुणांना दिले गेले. माकडांना त्याने काही झाले नव्हते. हे सहाही जण काही तासांत अतिदक्षता विभागात पोचले. सारे वाचले, पण चेतलेल्या टी-पेशींनी सोडलेल्या रसायनांच्या वादळाने त्यांचे अवयव निकामी होऊ लागले होते. माकडांच्या ज्या टी-पेशींनी हा धोका दाखवायचा, त्यांच्यावर सीडी-२८ नसतोच, हे पुढे उलगडले.

आता बाकावरच्या प्रश्नाकडे. काढलेल्या टी-पेशींत विषाणूच्या वाहनाने एक नवे जनुक घालतात. त्यातून बनणारा रेणू बाहेरून सीडी-१९ पकडतो, आणि आत सीडी-३ चा निरोप्या व दुसऱ्या किल्लीचे काम करणारा ‘४-१बीबी’चा तुकडा एकत्र जोडलेले असतात. दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात! नुसत्या पहिल्या किल्लीवर केलेले आधीचे प्रयोग फिके पडले होते. सीडी-१९ असतो बी-पेशींवर, आणि काही रक्ताचे कर्करोग याच पेशींचे.

आयआयटी मुंबईतले राहुल पुरवार आणि टाटा स्मारकचे डॉ. गौरव नरुला यांच्या चमूंनी हे इथे घडवले. जून २०२१ मध्ये खारघरला पहिल्या रुग्णाला ते दिले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ला परवानगी मिळाली. परदेशात काही कोटींना पडणारा उपचार इथे काही लाखांवर आला. ते लाखही आपट्याच्या माणसाला जमीन विकल्याशिवाय दिसत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

त्या गृहस्थांचा पुढचा प्रश्न होता, तापाचे काय? लंडनचेच वादळ, लहान रूपात. त्याला शमवणारे औषध हाताशी ठेवूनच रुग्णाला दाखल करतात. निरोगी बी-पेशीही मरतात, म्हणून पुढे कित्येक महिने जंतुसंसर्ग जपावा लागतो.