ताप नाही, मग सुई कशाला?

लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवसावर आलेलं असताना, ३ नोव्हेंबर २०२१ रोजी, पंतप्रधानांनी देशातल्या चाळीसहून अधिक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांची ऑनलाइन बैठक घेतली. कोविड लसीचा पहिला डोससुद्धा जिथे निम्म्या पात्र लोकांनी घेतला नव्हता, असे हे जिल्हे. झारखंडचे आणि ईशान्येकडचे बरेच, पण महाराष्ट्राचेही सहा. नंदुरबार त्यांत असणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. धडगाव, अक्कलकुवा, नर्मदाकाठचे पाडे म्हटलं की मागासलेपणाच्या कुठल्याही यादीत नाव आपोआप येतं. पण त्याच यादीत नंदुरबारच्या खांद्याला खांदा लावून औरंगाबादही होतं. दोघांचाही आकडा ४६-४७ टक्क्यांच्या घरात. वाळूजचे कारखाने, विमानतळ, सरकारी मेडिकल कॉलेज असलेला जिल्हा आणि सातपुड्याच्या कड्यावरचा जिल्हा एकाच बाकावर. उरलेले चार म्हणजे बुलढाणा, हिंगोली, नांदेड आणि अकोला.

ही यादी मला फार महत्त्वाची वाटते, कारण ‘अडाणी आदिवासी लस घेत नाहीत’ या वाक्याची तिने हवाच काढून घेतली. ते वाक्य त्या वर्षी फार चाललं. मे महिन्यात उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यात लसीकरण पथकाला पाहून काही गावकऱ्यांनी सरयू नदीत उड्या टाकल्या. त्याच सुमारास मध्य प्रदेशात उज्जैनजवळच्या एका गावात पथकावर हल्ला झाला. दोन्ही घटना खऱ्याच. पण त्यांची चित्रफीत मोबाइलवर फिरवून हसणाऱ्यांतल्या किती जणांनी त्या गावात सरकारी माणूस याआधी कधी आणि कशासाठी आला होता, याची चौकशी केली असेल?

मुळात दुर्गम भागातल्या माणसाला सुईचं वावडं नाही. उलट तिची हौसच आहे. बाजाराच्या गावात बसणाऱ्या डॉक्टरने नुसत्या गोळ्या दिल्या तर पेशंट नाराज होऊन जातो. ‘सुई टोचली नाही’ म्हणजे उपचारच झाला नाही. आणि ज्या घरांनी कोविडची लस नाकारली, त्याच घरांतल्या आया महिन्याच्या ठरलेल्या दिवशी पोराला काखोटीला मारून अंगणवाडीत गोवरची, पेंटाव्हॅलंटची लस टोचून आणत होत्या. म्हणजे लस ही गोष्ट परकी नव्हती. अडचण दुसरीच होती. आजारी माणसाला बरं करायला सुई असते, एवढं साधं गणित पाड्यावर पक्कं होतं. इथे सगळं उलटं चाललेलं. धडधाकट माणसाला सुई टोचायची आणि सुईने त्याला ताप आणायचा. ‘ताप नाही, मग सुई कशाला?’ या प्रश्नाला शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून दोन मिनिटांत देता येईल असं उत्तर नव्हतं.

त्यातून वेळ वाईट जुळली. पंचेचाळीस वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली १ एप्रिल २०२१ला, आणि त्याच महिन्यात दुसऱ्या लाटेने राज्य झोडपलं. ज्याला आधीच लागण झालेली होती, तो लस घेऊन दोन-चार दिवसांत तापाने फणफणला. त्यातले काही दगावले. डॉक्टरला यात योगायोग दिसतो. पाड्याने मात्र पाहिला तो क्रम असा होता: माणूस चालत गेला, सुई घेतली, झोपला, गाडीने नेला, परत आला नाही. शिवाय लस जिथे, तिथेच नाकात काडी घालून तपासणी. काडी घातली की ‘पॉझिटिव्ह’, आणि मग घरच्यांपासून दूर, भाषा न कळणाऱ्या वॉर्डात. लस नाकारणाऱ्या कित्येकांच्या मनात लसीपेक्षा त्या गाडीची धास्ती जास्त होती.

अफवा तर होत्याच, आणि त्यांच्याकडे कानाडोळा करून चालणार नाही. लस घेतलेला दोन वर्षांत मरतो, ही थाप एका नोबेलविजेत्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावर मे महिन्यात देशभर फिरली. तो असं बोललाच नव्हता. मूल होत नाही, ही दुसरी. किडनी काढतात, ही तिसरी. लस घेतल्यावर दारू वर्ज्य, अशी सूचनाही कानोकानी गेली आणि मोहाच्या दारूशिवाय ना लग्न ना देवाचं काम होतं अशा भागात तीही आडवी आली. पण अफवेला रुजायला जमीन लागते. मूल न होण्याची भीती व्हॉट्सअ‍ॅपने निर्माण केली नाही. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ साली याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच. आणीबाणीतली शिबिरं आणि कोटे पाहिलेली माणसं २०२१मध्ये साठी-सत्तरीत होती. म्हणजे बरोबर त्याच वयोगटात, ज्याला आपण आधी लस टोचायला निघालो होतो.

याहून जुनं उदाहरण पंजाबातलं. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. पाच वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९०२ला, मुल्कोवाल नावाच्या पंजाबी खेड्यात १०७ जणांना ती देण्यात आली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते गेले. एकोणीसही जणांना लस एकाच बाटलीतून दिलेली. हाफकिनवर ठपका आला, नोकरी सुटली. प्रत्यक्षात बाटली उघडताना सहायकाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असं पुढे आलं. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं १९२५मध्ये. लस चांगली होती, चूक हाताळणीची होती, हे आज आपण सहज म्हणतो. मुल्कोवालच्या लोकांना ही विभागणी कोण आणि कशी समजावणार होतं? त्याच प्लेगच्या काळात पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून माणसं तपासली, सामान बाहेर फेकलं आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडण्यात झाला. पुणेकरांच्या त्या संतापाला आपण स्वाभिमान म्हणतो. पाड्यावरच्या संतापाला अज्ञान का म्हणायचं, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

आता जरा कुपीकडे या, कारण माझ्या मते निम्मी गोष्ट तिच्यात आहे. कोव्हिशील्डची एक कुपी दहा मात्रांची. ती दोन ते आठ अंश तापमानात राहिली पाहिजे, म्हणून बर्फाच्या वड्या लावलेल्या डब्यातून यायची. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. आणि फेकलेल्या प्रत्येक मात्रेचा हिशेब वर द्यायचा. वाया गेलेल्या लसीची टक्केवारी राज्यं एकमेकांशी ताडून पाहत होती, त्याचा ताण खाली उतरत उतरत शेवटी उपकेंद्राच्या सिस्टरच्या डोक्यावर. आता पाड्यावरच्या शाळेत पथक आलंय असं समजा. अकरापर्यंत सहा माणसं जमतात. आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची पाड्यावरची स्वयंसेविका, घरोघर फिरून आणखी दोघांना घेऊन येते. आठ झाले. सिस्टर कुपी उघडत नाही, आणखी दोघं येऊ देत म्हणते. तोवर आधीच्यांतला एक जण बैल सोडायचेत म्हणून उठतो, दुसरी चूल पेटवायची म्हणून जाते. एकदा मन घट्ट करून आलेला माणूस घरी परतला की पुन्हा येत नाही. घरी गेल्यावर तो शेजाऱ्याला काय सांगेल? ‘त्यांच्याकडं औषधच नव्हतं’, किंवा ‘सिस्टरच घाबरली’. एक नवी अफवा तयार, आणि ती कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठातून आलेली नाही.

समजा दहा जमले, टोचून झालं, अर्धा तास बसवून ठेवलं. चार पॅरासिटामॉल हातात दिल्या आणि पथकाची जीप निघाली. ताप येतो रात्री. अंग ठणकतं, हात वर होत नाही. मोबाइलला रेंज नाही, डॉक्टर चाळीस किलोमीटरवर. सकाळी रोजगार बुडतो तो वेगळाच. घरात दोघांनी एकाच दिवशी लस घेतली असेल तर दोन दिवस चूल कोण पेटवणार, हाही प्रश्न. शहरात लशीनंतर आपण रजा टाकून पडून राहिलो, फेसबुकवर दंडाचा फोटो लावला. रोजंदारीवरच्या माणसाचा नकार पुष्कळदा असा दोन दिवसांच्या मजुरीचा हिशेब होता. तो चुकीचा होता असं म्हणता येईल, कारण कोविड झाला तर दोन दिवसांवर भागत नाही. पण हिशेबच नव्हता असं म्हणता येणार नाही.

लसीकरणाची दिनदर्शिकाही शहरात बसून आखलेली. पावसाळ्यात भाताची लावणी चालू असताना सकाळी दहाला पाड्यावर म्हातारी माणसं आणि कुत्री यांखेरीज कोणी सापडत नाही. १३ मे २०२१ला कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं. ऑगस्टमध्ये पहिला डोस घेतलेल्या माणसाचा दुसरा नोव्हेंबरात येणार. पण दसरा झाला की सातपुड्यातली आणि मराठवाड्यातली घरंच्या घरं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, कोणी गुजरातेत, कोणी पश्चिम महाराष्ट्रात. दुसरे वीटभट्टीवर जातात. दुसऱ्या डोसच्या ‘थकबाकीदारां’च्या याद्या निघाल्या तेव्हा त्यातली बरीच मंडळी उसाच्या फडात होती.

लसीच्या नोंदणीसाठी काढलेल्या कोविन या संकेतस्थळाची तर वेगळीच तऱ्हा. १ मे रोजी अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला लस खुली झाली, ती आधी ऑनलाइन नोंदणी करण्याच्या अटीवर. संकेतस्थळ तेव्हा इंग्रजीत, मराठीची सोय जूनमध्ये झाली. मग झालं असं, की शहरातल्या चपळ बोटांनी शहापूर, मुरबाड, पालघरच्या केंद्रांवरच्या वेळा पटकावल्या. मुंबई-ठाण्याच्या गाड्या आरोग्य केंद्रासमोर लागल्या, आणि गावकरी समोरच्या पारावर बसून बघत राहिले. आम्हाला नको ती लस बाहेरचे एवढ्या लांबून येऊन घेतात, हे पाहून काहींचा विचार बदलला असेल. पण ज्याला घ्यायची होती त्याला ‘तुमचं नाव यादीत नाही’ हे उत्तर मिळालं. हा नकार नव्हे, पण आकड्यांत नाकारणारा आणि परत पाठवलेला दोघंही एकाच रकान्यात पडले. २१ जूनपासून थेट केंद्रावर नोंदणीची मुभा सगळ्यांना मिळाली.

मग लस पोहोचली कशी? अनेक वाटांनी, आणि त्यातली एकही फार झगमगीत नव्हती. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः वैद्यकीय पदवीधर आणि भिल्ल समाजातले. त्यांच्या काळात फिरती पथकं पाड्यांवर गेली. नर्मदेच्या फुगवट्यात रस्ता नाही तिथे बोटी गेल्या. पावरी, कोरकू, माडिया या बोलींतून माहिती देण्याचे प्रयत्न झाले. प्रमाण मराठीतलं पोस्टर मेळघाटात भिंत झाकण्यापलीकडे काही करत नाही, हे उशिरा का होईना लक्षात आलं. आठवडे बाजारात टेबल मांडलं, संध्याकाळी माणसं शेतातून परतल्यावर शिबिरं घेतली. ऑक्टोबरात राज्याने ‘मिशन कवच कुंडल’ ही लसीकरण मोहीम काढली, नोव्हेंबरात केंद्राची ‘हर घर दस्तक’ आली. डिसेंबरमध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावाला ड्रोनने ३०० मात्रा गेल्या, जेमतेम दहा मिनिटांत, आणि त्याचे फोटो सगळ्या पेपरांत आले. मला ड्रोनचं कौतुक आहे. पण ड्रोनला रात्रीच्या तापाबद्दल काही विचारता येत नाही.

जबरदस्तीचाही प्रयोग झाला. औरंगाबादेत नोव्हेंबरच्या सुरुवातीला आदेश निघाला: किमान एक डोस नसेल तर पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही. केंद्रांवर रांगा लागल्या, टक्केवारी चढली. पेट्रोलचं एक वेळ सोडा, पण रेशन? ज्याच्याकडे मोटारसायकलच नाही त्याला पेट्रोलबंदी काय करणार, त्याला बसते ती धान्यबंदी. पुढे २ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही असा निर्वाळा दिला. लसीकरणाचं धोरण मात्र अवाजवी ठरवलं नाही. तोपर्यंत आदेशाचं काम होऊन गेलं होतं. सक्तीने दंड पुढे येतो, हे मान्य करायला हवं. पुढच्या वेळी जीप आली की माणसं काय करतील, हे त्या टक्केवारीत दिसत नाही.

रात्रीच्या तापाला पाड्यावर हजर असते ती एकटी आशाताई. तिचं घर तिथेच, भाषा तीच, आणि तिने सांगून टोचलेल्या माणसाला काही झालं तर तिला त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं. म्हणून तिने आधी स्वतः लस घेतली, मग सासूला दिली, मग दार वाजवलं. राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा १५ जून २०२१ला संपावर गेल्या, ऐन लसीकरणाच्या काळात. आठवडाभराने संप मिटला तो महिना एक हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता यावर. पुढच्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांना जागतिक पुरस्कार दिला. २०२३च्या ऑक्टोबरात त्या पुन्हा संपावर होत्या, मानधनासाठीच.

आणि कोविड लसीकरणाच्या धावपळीत आशांचं मूळ काम मागे पडलं. कोविडच्या दोन वर्षांत बालकांच्या नेहमीच्या लसी कित्येक ठिकाणी चुकल्या. २०२२च्या अखेरीस गोवर उसळला तो मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात. दुर्गम डोंगरात नव्हे, लोकलच्या आणि महामार्गाच्या कडेला. तिथेही आरोग्य खात्याला मौलवींना, गल्लीतल्या डॉक्टरांना आणि पुन्हा आशाताईंनाच बरोबर घेऊन दारोदार जावं लागलं.