जिमच्या सरांचा डाएट प्लॅन : पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो, म्हणून विश्वास ठेवायचा का?

आजचा भाग मी दोन महिने टाळत होतो, कारण यात चूक माझी आहे आणि जिच्याबाबतीत ती झाली ती माझी मामेबहीण हा भाग ऐकणार आहे. तिला विचारूनच बोलतोय. नाव मात्र घेणार नाही. तिनं आधीच सांगून ठेवलंय, "दादा, नाव घेतलंस तर राखीला येणार नाही."

तर झालं असं. मागच्या वर्षी मी बीडमध्ये एका जिमला लागलो. वजन ८६ किलो, दिवसभर दुकानात बसून काम, पोट पुढे आलेलं. जिमचे सर चांगले होते. खरंच चांगले होते, हे मुद्दाम सांगतो, कारण हा भाग त्यांना शिव्या घालायला केलेला नाही. स्क्वॅट करताना गुडघा कुठे जातो, पाठ कुठे वाकते, हे त्यांनी मला महिनाभर न कंटाळता शिकवलं. पंधराव्या दिवशी म्हणाले, "भाऊ, व्यायामानं वीस टक्के, बाकी ऐंशी टक्के किचनमध्ये," आणि व्हॉट्सॲपवर डाएट प्लॅन पाठवला.

सकाळी ग्रीन टी आणि चार अंड्यांचा पांढरा भाग. दुपारी १५० ग्रॅम उकडलेलं चिकन आणि काकडी. पाच वाजता मूठभर ओट्स पाण्यात. जिमनंतर एक स्कूप व्हे पावडर पाण्यात. रात्री पुन्हा १५० ग्रॅम चिकन. खाली ठळक अक्षरात बंद गोष्टींची यादी: भाकरी, पोळी, भात, डाळ, दूध, फळं, शेंगदाणे, तेल, साखर. म्हणजे आमच्या मराठवाड्यातल्या घरात जे जे शिजतं ते सगळं बंद. आई म्हणाली, "मग खायचं तरी काय बाबा?"

मी केलं. पहिल्या सात दिवसांत ८६.२ वरून ८२.८ वर आलो. तीन किलो चारशे ग्रॅम! त्या सोमवारी जिममधल्या वजनकाट्याचा फोटो काढून मी स्टेटसला ठेवला होता. सर म्हणतील ते ब्रह्मवाक्य, असं मला त्या दिवसापासून वाटायला लागलं. पुढचं सगळं त्या एका फोटोमुळे झालं.

मामाचं गाव गेवराई तालुक्यात. मामेबहीण पोलीस भरतीच्या तयारीसाठी आमच्याकडे राहायला आली होती. पहाटे मैदान, दुपारी अभ्यासिका, संध्याकाळी माझ्याबरोबर जिम. वजन ५४ किलो. जाड अजिबात नाही. पण ८०० मीटरला तिचे काही सेकंद कमी पडत होते आणि कुणीतरी तिच्या डोक्यात घातलं होतं की अंग हलकं केलं की वेळ आपोआप सुधारतो. मी काय केलं? सरांचा मेसेज जसाच्या तसा तिला फॉरवर्ड केला. सरांना विचारलं तर म्हणाले, "हो, ताईंना पण चालेल, चिकनचा पीस जरा लहान घ्या."

आई रोज कुरकुर करायची. "घरात ज्वारीचं पोतं भरलंय अन् लेकरू काकडी खातंय." आम्ही दोघं तिला हसायचो.

चौथ्या आठवड्यात मैदानावर दुसऱ्या राउंडला ती वळणावरच खाली बसली. डोळ्यांसमोर अंधारी. घरी आल्यावर आईला तिनं हळूच सांगितलं की या महिन्यात पाळीही आली नाही. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. हिमोग्लोबिन निघालं ९.२. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणतात. डॉक्टर मॅडमनी विचारलं, काय खातेस? तिनं मोबाईल पुढे केला. मॅडमनी तो मेसेज वरपासून खालपर्यंत वाचला आणि एवढंच विचारलं, "हे कुणासाठी लिहिलंय?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यात वय नव्हतं, वजन नव्हतं, बाई की पुरुष हे नव्हतं. ८६ किलोच्या बैठ्या माणसाला आणि ५४ किलोच्या धावणाऱ्या मुलीला एकच कागद.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हिमोग्लोबिन चार आठवड्यांत एवढं उतरत नाही. ते आधीपासूनच कमी असणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या आकड्यांत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया होता. म्हणजे समोर उभ्या असलेल्या दोघींपैकी एकीला असणार असंच धरून चालायचं. सरांनी तिचं रक्त कमी केलं नाही. पण रक्त किती आहे हे त्यांनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही, आणि वरून दिवसातून तीनदा ग्रीन टी प्यायला लावला. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी कमी लागतं.

आता मुद्द्याचं गणित. कागद-पेन घ्या किंवा मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडा.

त्या प्लॅनमध्ये दिवसाला साडेआठशे ते नऊशे कॅलरी होत्या. माझ्यासारख्या देहाला दिवसाला अडीच हजार लागतात असं धरू. रोजची तूट सोळाशेच्या आसपास, आठवड्याची साडेअकरा हजार. एक किलो चरबी जळायला साधारण ७७०० कॅलरींची तूट लागते. भागाकार करा. दीड किलो! तेही सगळी तूट चरबीतूनच भरून निघाली असं धरलं तर. मग काट्यावर तीन किलो चारशे कुठून आले?

पाणी. आपण भाकरी, भात खातो त्यातली साखर शरीर स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवून ठेवतं. त्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसात तो चार-पाचशे ग्रॅमपर्यंत असतो आणि दर एक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भाकरी बंद केली की तीन-चार दिवसांत हा साठा उतरतो आणि ते पाणी लघवीवाटे निघून जातं. दीड-दोन किलो तिथेच गेले. शिवाय पोट, आतडी रिकामी राहतात ते वेगळं. लग्नाच्या पंगतीत दोन दिवस दाबून जेवलात की हे पाणी सगळं परत. म्हणून तर लोक म्हणतात, "एक दिवस भात खाल्ला अन् दोन किलो वाढलो."

म्हणजे कुठल्याही प्लॅनमध्ये भाकरी-भात बंद केला की पहिल्या आठवड्यात काटा खाली येणारच. प्लॅन चांगला असो, वाईट असो, सरांना काही कळत असो वा नसो. पहिला आठवडा काहीच सिद्ध करत नाही. पण आपला विश्वास बसतो तो नेमका त्याच आठवड्यात. आणि तिसऱ्या आठवड्यात काटा अडला की सर म्हणतात, "तू चीट केलं असणार." यश प्लॅनचं, अपयश तुमचं. मग फॅट बर्नरचा डबा येतो. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा अंकी नंबर असला म्हणजे तो तुमच्या तब्येतीला चालेल असं कुणी प्रमाणपत्र दिलेलं नसतं, एवढं लक्षात ठेवा.

बहिणीच्या बाबतीत तर हे अजून वाईट होतं. ८०० मीटर पळताना पाय मुख्यतः याच ग्लायकोजेनवर चालतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात जे "वजन कमी झालं" म्हणून आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो, ते तिचं पळायचं इंधन होतं. आणि भरतीच्या मैदानावर मार्क कशाचे आहेत? ८०० मीटर, १०० मीटर आणि चार किलोचा गोळा. बारीक दिसण्याला अर्धा मार्कसुद्धा नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली जे आकडे दिले, त्यात मध्यम कष्ट करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला २१३० कॅलरी धरल्यात. पोरगी खात होती त्याच्या निम्म्याहून कमी. तुलनेला एक जुना प्रयोग सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. उपासमार झालेल्या लोकांना नंतर कसं खाऊ घालायचं हे त्यांना शिकायचं होतं. त्या पोरांना थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, डोक्यात चोवीस तास खाण्याचेच विचार, काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. त्यांना रोज मिळायचं किती? सुमारे १५७० कॅलरी. ज्याला शास्त्रज्ञ उपासमार म्हणत होते, त्याच्या जवळपास निम्म्यावर आमच्याकडे भरतीची तयारी चालली होती.

मग सरांकडे असा प्लॅन आला कुठून? मी नंतर जाऊन विचारलं. त्यांनी न लपवता सांगितलं. ते बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेत उतरायचे, तेव्हा त्यांच्या उस्तादांनी त्यांना हाच कागद दिला होता. स्पर्धेच्या आधीच्या काही आठवड्यांचा, "कटिंग"चा. स्टेजवर एका दिवसापुरती नस अन् नस दिसावी म्हणून. त्या कामाला तो चालतोही. स्पर्धा संपली की ती मंडळी पुन्हा जेवायला लागतात. हा शेवटचा भाग मेसेजमध्ये लिहायचा राहून गेला, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, मग डाएट प्लॅन सगळेच फसवे का? तसं नाही. आपल्या शेजारच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित तुम्हाला माहीत असतील. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. आमच्या मामी तर मोबाईलमध्ये अलार्म लावून जेवायच्या. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागानं दीक्षितांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे ब्रँड ॲम्बेसेडरही केलं होतं. दुसरीकडे ऋजुता दिवेकर: घरचं खा, तूप खा, भात खा, उपाशी राहू नका. २०१८-१९ च्या सुमारास या दोन्ही बाजूंवरून घराघरांत, व्हॉट्सॲप ग्रुपवर काय भांडणं झाली!

कोण बरोबर, हा आजचा विषय नाही, आणि माझ्या मते भरतीला पळणाऱ्या मुलीला दोन वेळचं जेवण पुरणारही नाही. पण एक फरक बघा. दीक्षित सुरू करण्याआधी एचबीएवनसी आणि उपाशीपोटी इन्सुलिन तपासायला सांगतात, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात, आणि अठराच्या आतली मुलं, गरोदर बायका, टाइप वन मधुमेह असलेले यांनी हे करू नका असंही सांगतात. आणि फी शून्य. पटो न पटो, तुम्ही कोण आहात हे आधी विचारलं जातं आणि फरक रक्तात मोजला जातो. आमच्या सरांच्या मेसेजमध्ये नेमकं हेच नव्हतं.

म्हणून आता कुणी मला प्लॅन दाखवला की मी आधी बंद गोष्टींची यादी वाचतो. मग विचारतो, हा देण्याआधी सरांनी तुला काय काय विचारलं? कुठली गोळी चालू आहे का, किडनीचा, शुगरचा त्रास, पाळी वेळेवर येते का, घरी स्वयंपाक कोण करतं? आणि चक्कर आली किंवा पाळी चुकली तर काय करायचं हे लिहिलंय का? यातलं काहीच नसेल तर तो प्लॅन तुमचा नाही, दुसऱ्याच कुणाचा आहे. व्यायाम सरांकडून शिका. खाण्याचं मात्र आहारतज्ज्ञांना विचारा. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं त्यांना आरोग्य व्यावसायिकांत धरलंय. बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. निदान एक सीबीसी तरी करून घ्या.

बहीण आता काय खाते? आईच्या हातचं. पोषण संस्थेच्या हिशोबानं किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ५४ किलोला ४५ ग्रॅम. दोन मोठ्या ज्वारीच्या भाकरीत पंधराएक, तुरीच्या वरणात बारा-तेरा, मूठभर शेंगदाण्यात सात, दोन अख्ख्या अंड्यांत बारा, कपभर दुधात सहा. पन्नाशी ओलांडली. ज्वारीत जे कमी असतं ते तुरीत असतं. ती पळते म्हणून त्यावर संध्याकाळी मोड आलेली मटकी, आठवड्यातून दोनदा चिकन, तेही रश्श्यासकट. वरणावर लिंबू, चहा जेवणानंतर तासाभरानं, आणि मॅडमनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या. दोन महिन्यांनी पाळी पूर्ववत झाली. हिमोग्लोबिन मागच्या तपासणीत १०.८ होतं, अजून बाराला पोचायचंय. वजन ५५. वेळ सहा सेकंदांनी कमी झालीय, त्यात खाण्याचा वाटा किती आणि सरावाचा किती, मला सांगता येणार नाही.

मी? मी ८४ वर आहे, आणि स्टेटसला फोटो टाकत नाही.

सरांना मी हे सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "भाऊ, मला पण असं कुणी कधी विचारलं नव्हतं." आता नवीन पोरगं आलं की आधी रक्त तपासून ये म्हणतात. तो मेसेज मात्र अजून फिरतोय. मागच्या आठवड्यात माझ्याच एका मित्रानं मला तो फॉरवर्ड केला, "भारी आहे, करून बघ" म्हणून.

तुमच्याकडे असा प्लॅन आला असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, नाव न घेता वाचून दाखवू. पुढच्या भागात व्हे पावडर आणि क्रिएटिन. चला, भेटू.