भाकरीतलं लोह कुणाच्या हाती?

मागच्या खेपेला धनशक्ती बाजरीबद्दल बोललो, तेव्हा एका मावशींनी आम्हाला अडवलं. "जन्मभर बाजरीच खाल्ली, तरी तपासणीत रक्त कमीच. मग ते लोह जातं कुठं?"

प्रश्न रास्त आहे. धनशक्ती हे वाण इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मिळून काढलं. त्यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असतं, नेहमीच्या बाजरीहून बरंच जास्त. पण दाण्यात असणं वेगळं, अंगी लागणं वेगळं. पोटात लोहाला कुणी ना कुणी धरतंच. बाजरीतलं फायटिक आम्ल आणि चहातलं टॅनिन धरलं की लवकर सोडत नाहीत. डाळ, दूध, मटण पचताना प्रथिनांचे बारीक तुकडे होतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यातले काही लोहाला असं धरतात, की ते विरघळलेलं राहतं आणि आतड्याला उचलता येतं.

कोणत्या तुकड्यानं काय धरलंय, हे डोळ्याला दिसत नाही. मग शास्त्रज्ञ वजन करतात. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी आधी भरलेली मोजतात, मग रिकामी. फरक तो ऊस. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र अणूरेणूंचा तसाच काटा आहे. पेप्टाइडचं पाणी बारीक सुईतून, विजेच्या दाबाखाली, फवाऱ्यासारखं उडवतात. थेंब सुकतात, विजेचा भार घेतलेले तुकडे उरतात, त्यांचं वजन होतं. नाजूक रेणू न मोडता उडवायची ही रीत जॉन फेन यांनी बसवली. त्यांना २००२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

समजा, तुकडा १००० वजनाचा आहे. लोह चिकटलं की तो साधारण १०५४ भरतो. लोहाचे ५६ वाढतात, पण त्याला जागा देताना हायड्रोजनचे दोन अणू बहुतेक वेळा निघून जातात. जस्त असेल तर वाढ ६२ च्या आसपास. तुकडा आणखी मोडून बघितला, की लोह नेमकं कुठं धरलंय तेही सापडतं.

मावशींना विचारलं, तर पहाटे फडावर निघताना चहात भाकरी चुरून खायची सवय. भाकरी आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. भाकरीसोबतच्या कालवणावर लिंबू पिळा. त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. बाजरी आंबवली किंवा मोड आणले, तर फायटिक आम्ल कमी होतं. लोहाची गोळी मात्र भाकरीवर विसंबून सोडू नका, आणि ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका.