बॅटरी नवी, आठवणी मात्र जुन्याच हव्यात!

दहा नंबरचा पाना घेतला, जुनी बॅटरी काढली, नवी बसवली. काम फत्ते! चावी फिरवली आणि... घड्याळात १२:००, रेडिओ कोड मागतोय, ड्रायव्हरची काच एका टचमध्ये वर जाईना. गाडी सगळं विसरली की हो!

माहीत आहे का? पार्क केलेली गाडी कधीच गाढ झोपत नाही. कुलूप लावून तुम्ही घोरत असता तेव्हाही ती करंट पीत असते. साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत. घरातला जुना ‘झिरो’चा बल्बसुद्धा याच्या कितीतरी पट वीज खातो! तेवढ्या थेंबावर घड्याळ, रेडिओची स्टेशनं आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरने, म्हणजे ईसीयूने, शिकलेले धडे टिकून राहतात.

धडे? हो, तुमच्या इंजिनाला किती पेट्रोल लागतं, आयडलिंग कुठे ठेवायचं, हे ईसीयू चालता चालता शिकतो. पाटी कोरी झाली की काही गाड्या सिग्नलला थरथरतात, ऑटोमॅटिक गिअर धक्के देतात. मग पुन्हा बिगरी इयत्तेपासून शाळा!

आणि ओडोमीटर? तो आकडा विजेशिवाय टिकणाऱ्या चिपमध्ये असतो. बॅटरी काढून गाडीचं वय कमी होत नाही!

आता हीरोची एन्ट्री: मेमरी सेव्हर. डॅशबोर्डखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. प्रदूषणाचे दोष शोधता यावेत म्हणून अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं. त्याची १६ वी पिन थेट बॅटरीच्या प्लसला जोडलेली! तिथून दुसऱ्या छोट्या १२ व्होल्ट बॅटरीची वीज आत सोडायची. ऑपरेशन चालू, सलाईनही चालू!

लायटरच्या सॉकेटात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावायचा जुगाडही जुनाच. पण कित्येक गाड्यांत चावी काढली की ते सॉकेट बंद. सलाईन लावलं, नसच बंद! त्यात कुणी दार उघडलं तर आतला दिवा लागणार आणि ती चिमुकली बॅटरी बसणार.

एरवी निगेटिव्ह नकोसं, इथे त्यालाच मान: निगेटिव्ह टर्मिनल आधी काढायचं, शेवटी लावायचं. आणि इथे मात्र मस्करी नाही: सेव्हर जोडलेला असताना सुटी प्लस केबल जिवंत असते. तिला जाड रबरात गुंडाळा. बॉडीला टेकली तर ठिणगी आणि फ्यूज गुल!

माहीत आहे का? बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेल्समध्ये नव्या बॅटरीची चक्क नोंदणी करावी लागते. नाहीतर गाडी तिला म्हातारी समजून तसंच चार्जिंग करत राहते. इथे मेमरी सेव्हरचंही काही चालत नाही.

१९१२ ची कॅडिलॅक आठवा. चार्ल्स केटरिंगच्या इलेक्ट्रिक स्टार्टरमुळे हँडल मारणं संपलं. तेव्हा बॅटरीला जपायला आठवणीच नव्हत्या!

तर आजच रेडिओ कोडचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. बॅटरीवाला आला की चावी स्वतःच्या खिशात ठेवा आणि पाना लागण्याआधी विचारा, “दादा, मेमरी सेव्हर आणलाय ना?”