कारंजं चालू ठेवणारा पैसा

मुंबईतलं फ्लोरा फाउंटन १८६४ साली उभं राहिलं ते मुळात दुसऱ्याच जागेसाठी. ते जायचं होतं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत. खर्चाच्या ४७,००० रुपयांपैकी २०,००० रुपये कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, कोरीवकाम जेम्स फोर्सिथ यांचं आणि दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंडचा चुनखडक. त्याच सुमाराला फोर्टची तटबंदी पडत होती, नवे रस्ते निघत होते, आणि कारंजं जुन्या चर्चगेटजवळच्या मोकळ्या जागेवर बसवलं गेलं.

या दगडाची गोष्ट सगळे सांगतात, पाण्याची फारसं कुणी सांगत नाही. विहार तलावाचं पाणी नळांतून मुंबईत खेळायला लागलं ते १८६० च्या सुमारास. त्याआधी शहर विहिरी आणि तळ्यांवर जगत होतं. नळाचं पाणी नसतं, तर भर रस्त्यात उडणारं कारंजं बांधायचा विचारही कुणी केला नसता. कारंजं उभं राहिल्याच्या पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८६५ मध्ये, मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. पाणी, कारंजं आणि दिवा या तिन्ही गोष्टी पाच-सहा वर्षांत आल्या. दगडासाठी दाता मिळाला. पाणी आणि उजेड मात्र रोज लागतो, आणि रोजच्या खर्चाला दाता मिळत नाही. तो भार तेव्हापासून सार्वजनिक तिजोरीवरच आहे.

बाजाराच्या रस्त्यावरचे दिवे आणि कारंजी यांवर सरकारी पैसा खर्च व्हावा का, असा वाद आपल्याकडे अधूनमधून निघतो. माझं उत्तर स्पष्ट आहे: व्हावा. बाजाराचा रस्ता एकट्या दुकानदाराचा नसतो. त्या रस्त्यावरून रात्री क्लास सुटलेल्या मुली घरी जातात, काहीही विकत न घेणारे आजोबा कट्ट्यावर टेकतात, फेरीवाले पोट भरतात. दुकानातला उजेड दुकान बंद झालं की विझतो, रस्त्यावरच्या दिव्याला रात्रभर जळावंच लागतं. म्हणून मला प्रश्न वेगळा पडतो. हा पैसा नेमका कशावर खर्च होतो आणि कुठे आटतो?

त्याचं उत्तर मला एका बाजारपेठेतल्या चौकात, सकाळी दुकानांची शटर वर जाण्याआधी मिळालं. शहराचं नाव महत्त्वाचं नाही, अशी कारंजी गावोगाव आहेत. हौदाच्या कडेला एक लोखंडी झाकण होतं. कारंजं सांभाळणाऱ्या माणसानं आधी पॅनेलचा मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि मग झाकण उचललं. खाली माणूस उकिडवा बसेल एवढीच खोली. तिच्यात पंप, दोन व्हॉल्व्ह आणि पंपाकडे येणाऱ्या पाइपावर एक गाळणी.

गाळणी बाहेर आली तेव्हा चौकातला आदला आठवडा तिच्यात अडकलेला होता. झेंडूच्या पाकळ्या, गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची बुचं, स्ट्रॉ, केसांचा गुंता, आणि या सगळ्याला धरून ठेवणारं हिरवं शेवाळ. त्यानं ती उलटी करून आपटली आणि ब्रशनं घासली. "जाळी चोकअप झाली ना ताई, की पंप ओरडतो. ओरडायला लागला तरी चालूच ठेवला तर सील जातं, मग पाणी मोटरीत," तो म्हणाला. पंपाला पाणी पुरेसं मिळालं नाही की आत पोकळ बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, त्यांचा खडखडाट होतो. त्याच्या भाषेत हेच ओरडणं. दहा मिनिटं घासायला मिळाली नाहीत, तर महिन्याभरात मोटर रिवाइंडिंगला जाते आणि कारंजं "दुरुस्तीसाठी बंद" होतं.

मग तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हौदात उतरला. प्रत्येक नोझलपाशी वाकायचं, बारीक तार घालून फिरवायची, पुढच्याकडे जायचं. काही नोझलांच्या तोंडावर क्षारांचा पांढरा थर जमला होता. पाणी जड असलं की उडणाऱ्या प्रत्येक थेंबातून थोडं पाणी हवेत जातं आणि क्षार मागे उरतात. वरून नवं पाणी भरत राहिलं तरी हौदातलं पाणी दिवसेंदिवस जास्त जड होत जातं. म्हणून हौद ठरावीक काळानं पूर्ण रिकामा करावाच लागतो. ती नोझलं त्यानं काढून सौम्य ॲसिडच्या डब्यात टाकली, त्यांतून फेस येऊ लागला. पाण्याखालचे दिवे त्यानं शेवटी पुसले. ते १२ व्होल्टचे असतात, कारण हौदात पोरं हात घालतात. शिवाय पॅनेलमध्ये गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर असतो. ब्रेकरचं टेस्ट बटण दाबून तो खटकन पडतो की नाही, हे त्यानं आवर्जून पाहिलं.

बंद कारंजं नुसतं बंद राहत नाही. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी काढून भांडी कोरडी करायला आरोग्य खातं सांगतं. चालू कारंज्यातलं पाणी हलत राहतं, तिथे डासाचं फावत नाही. पंप बंद पडून हौद तसाच भरलेला राहिला, तर शोभेसाठी बांधलेली वस्तू वस्तीला आजार देऊ लागते. हौदात उतरणारा तो माणूस एका परीनं आरोग्याचंही काम करत होता.

दिव्यांचंही असंच आहे. खांबावरचा एलईडी दिवा बंद पडला की आपण म्हणतो दिवा गेला. पण शिडीच्या गाडीवरून खाली आणलेला दिवा उघडला की पुष्कळदा त्यातले एलईडी चांगले असतात, गेलेला असतो तो ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज करून देणारा छोटा डबा. पावसाची ओल, समुद्राकाठची खारी हवा, विजेचे झटके हे सगळं त्याला सोसावं लागतं. झाकणाचं रबर सैल झालं की पाणी आत शिरतं. चांगल्या निविदेत पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा, झटक्यापासून संरक्षण आणि ड्रायव्हर बदलून देण्याची हमी स्पष्ट लिहिलेली असते. वाईट निविदेत फक्त दिव्याची वॅट लिहिलेली असते.

बाजाराच्या रस्त्यावर उजेडाची जातही बघावी लागते. जुन्या सोडियमच्या दिव्यांचा उजेड भरपूर होता, पण त्यात रंग कळत नसे. मोरपिशी, हिरवा आणि तपकिरी सगळे एकाच मातकट छटेत बुडायचे. रंगांची ओळख पटवण्याची क्षमता शंभरात मोजली, तर सोडियमचा दिवा जेमतेम पंचविशीत येतो आणि रस्त्यावरचा चांगला एलईडी सत्तरच्या पुढे. दुसरीकडे, एलईडी म्हणजे निळसर पांढराच उजेड असाही समज आहे. २०१५ साली 'राणीचा हार' म्हणवणाऱ्या मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी लागले तेव्हा राणीच्या हाराचं सोनं गेलं म्हणून लोकांनी आवाज उठवला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आणि पुढे पिवळसर उजेड परत आला. ३,००० केल्विनच्या आसपासचा उबदार एलईडी दगडाला शोभतो, डोळ्यांना टोचत नाही आणि कापडाचा रंगही ओळखू येतो. तो निवडायला वेगळा पैसा फारसा लागत नाही, अंदाजपत्रकात तसं लिहावं लागतं.

आता पैशाकडे येते. सार्वजनिक कामाच्या पैशाचे दोन मार्ग असतात. एक भांडवली खर्चाचा: नवे खांब, नवं कारंजं, ग्रॅनाइट. दुसरा महसुली खर्चाचा: वीजबिल, मजुरी, रसायनं, सुटे भाग. भांडवली खर्चाची कोनशिला बसते, फोटो निघतात, निधी राज्याकडून किंवा जिल्हा नियोजन समितीकडूनही येऊ शकतो. महसुली खर्च दरवर्षी पालिकेच्या स्वतःच्या खिशातून जातो. ठेकेदाराचा दोषदायित्व काळ, म्हणजे बिघाड त्यानंच दुरुस्त करून देण्याची मुदत, असेपर्यंत कारंजं उडतं. तो संपला की कारंजं कुणाचं, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. दिवे विद्युत विभागाचे, पाणी पाणीपुरवठ्याचं, हौद बांधकामाचा, कचरा घनकचऱ्याचा.

हिशेब करून पाहा. कारंज्याचा पंप ५ अश्वशक्तीचा आहे आणि रोज चार तास चालतो असं धरू. दिवसाला साधारण १५ युनिट, वर्षाला ५,५०० च्या आत. युनिटला १० रुपये धरले तर वीज ५५,००० रुपयांची. त्याच कारंज्यावर महिना २०,००० रुपयांवर एक माणूस ठेवला तर वर्षाला २ लाख ४० हजार. म्हणजे माणूस विजेच्या चौपट महाग पडतो. काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री त्याच्यावर चालते, आणि पंपाला मारणारी कात्रीही तीच असते.

आता त्याच रस्त्यावरचे १०० दिवे घ्या. १५० वॅटचा सोडियमचा दिवा चोकसकट सुमारे १७० वॅट खातो. त्याच्या जागी ७० वॅटचा एलईडी आला तर दिव्यामागे १०० वॅट वाचतात. रात्री ११ तास धरले तर १०० दिव्यांमागे वर्षाला ४०,००० युनिट. त्याच दरानं ४ लाख रुपये. कारंज्याचा माणूस आणि वीज मिळून खर्च ३ लाखांच्या आत आहे. दिव्यांनी वाचवलेल्या पैशात कारंजं चालतं, आणि वर गाळण्या, नोझल, सील यांच्यासाठी लाखभर उरतात. हे आकडे माझे, गृहीत धरलेले आहेत, दर आणि पगार गावागणिक बदलतील. पण गणिताची दिशा बदलत नाही. अडचण एवढीच, की वाचलेले ४ लाख सर्वसाधारण खात्यात जमा होतात आणि कारंज्याच्या माणसासाठी नव्यानं हात पसरावे लागतात. रस्त्याची बचत त्याच रस्त्याच्या देखभालीसाठी राखून ठेवायचा ठराव पालिकेनं केला, तर बाहेरचा एक रुपयाही न मागता हा प्रश्न पुष्कळसा सुटेल.

फ्लोरा फाउंटनकडे पुन्हा पाहिलं की देखभालीचा अर्थ आणखी नीट कळतो. अनेक वर्षं त्या दगडावर पांढऱ्या ऑइलपेंटचे थर चढत गेले. रंगानं दगड चकचकीत दिसतो, पण चुनखडकाचा श्वास कोंडतो, आत गेलेली ओल बाहेर पडत नाही. पाणीही बरीच वर्षं बंद होतं. पालिकेच्या पुरातन वास्तू जतन कक्षानं वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली काम काढलं, रंगाचे थर उतरवले, दगड सांधला, पाण्याची वाट पुन्हा मोकळी केली, आणि जानेवारी २०१९ मध्ये कारंजं परत सुरू झालं. त्या कामात परिसरातल्या रस्त्याखालून १९६४ साली बंद पडलेल्या ट्रामचे रूळही निघाले. कारंज्याशेजारीच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. हा चौक मराठी माणसाच्या आठवणीतला आहे, त्यावर सार्वजनिक पैसा खर्च करणं हे आपलं कर्तव्यच आहे.

तिथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारा दादाभाई नौरोजी मार्ग हे आणखी एक शिकण्यासारखं उदाहरण. इथल्या इमारतींच्या तळमजल्यावर सलग कमानींचा पादचारी मार्ग ठेवावा, अशी अट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातली गेली. शंभर वर्षांनी त्या कमानी दुकानांच्या पाट्यांखाली झाकल्या गेल्या होत्या. १९९० च्या दशकाच्या शेवटी वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या पुढाकारानं पाट्यांसाठी नियम तयार झाले, दुकानदारांनी आपल्या पाट्या कमानीच्या आत बसवल्या, रस्त्यावरचे दिवे आणि बाकं यांचाही विचार झाला. २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या रस्त्याची दखल घेतली गेली. दुकानदार आपली पाटी सांभाळतो आणि पालिका सगळ्यांचा दिवा सांभाळते, अशी वाटणी ठरली की सार्वजनिक पैसा योग्य जागी लागतो.

म्हणून आपल्या बाजाराच्या रस्त्याला दिवे आणि कारंजं मंजूर झाल्याची बातमी आली, तर आनंद जरूर व्हावा, पण त्याच दिवशी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम कार्यादेशातच आहे का? कारंज्याला एकच जबाबदार विभाग नेमला आहे का? आणि त्या विभागाचा दूरध्वनी क्रमांक, कारंजं चालू राहण्याच्या वेळेसकट, जागेवर लावलेला आहे का? पुण्यात २००६ पासून नागरिकांना प्रभागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. जिथे अशी सोय आहे तिथे आपण बहुतेकदा नवा खांब मागतो. यंदा एक अर्ज जुन्या खांबाच्या ड्रायव्हरसाठी आणि एक अर्ज हौदात उतरून जाळी घासणाऱ्या माणसाच्या पगारासाठी करावा. नवं काम मंजूर करून आणणाऱ्या लोकप्रतिनिधीला आपण शाबासकी देतो, तशीच ती पाचव्या वर्षीही कारंजं चालू ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला आणि कामगाराला जाहीरपणे द्यायला हवी. त्यांच्या कामासाठी पैसा राखून ठेवणं, हाच या सगळ्या खर्चातला सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे.