जुना संगणक, नवा प्रोसेसर

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खोपोलीत एक जुने जलविद्युत केंद्र आहे. जमशेटजी टाटा ह्यांनी पाहिलेले जलविद्युतेचे स्वप्न त्यांच्या निधनानंतर, १९१५ साली, येथे साकार झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना येथून वीज मिळू लागली. घाटमाथ्यावरील लोणावळा, वळवण इत्यादी तलावांत पावसाचे पाणी साठवायचे, ते जाड लोखंडी नळांतून ५०० मीटरांहून अधिक खाली आणायचे आणि त्या धारेच्या जोराने चाके फिरवायची, अशी ही योजना. पुढे जुनी यंत्रे जाऊन तेथे प्रत्येकी २४ मेगावॅट क्षमतेची तीन यंत्रे आली. चांगले यंत्र त्याच पाण्यातून थोडी अधिक वीज काढते, हे खरे. परंतु जे पाणी तलावात नाही किंवा नळात मावत नाही, ते कोणतेही चाक निर्माण करू शकत नाही. पाणी, नळ आणि चाक ह्या तिघांचा विचार एकत्रच करावा लागतो.

घरातील जुन्या संगणकाबाबतही असाच विचार करावा लागतो. समजा, खोपोलीतील एका घरी २०१३ साली बाजारात आलेल्या ‘कोअर आय३-४१३०’ ह्या प्रोसेसरचा संगणक आहे. वडिलांचे हिशेब, ताईचे महाविद्यालयाचे काम आणि धाकट्या भावाचा अभ्यास, सारे त्याच्यावरच चालते. अलीकडे तो इतका मंदावला आहे, की कळ दाबून चुलीवर चहा ठेवावा, तर चहा आधी होतो. “प्रोसेसर बदला, म्हणजे नव्यासारखा पळेल,” असा सल्ला कोणीतरी देतो. घरात ह्या कामासाठी शिल्लक टाकलेले पैसे थोडे आहेत व ते एकदाच खर्च होणार आहेत. ते प्रोसेसरवर खर्चावेत काय?

प्रोसेसर म्हणजे संगणकातील प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग. संगणकाला स्वयंपाकघर मानले, तर प्रोसेसर ही सुगरण, रॅम नावाची तात्पुरती स्मृती हा ओटा आणि हार्ड डिस्क ही कोठीची खोली होय. सुगरण कितीही चपळ असली, तरी ओटा अरुंद असेल आणि प्रत्येक जिन्नसासाठी कोठीपर्यंत जावे लागत असेल, तर जेवण वेळेवर कसे होणार? जुन्या घरगुती संगणकांत बहुधा हेच घडत असते.

हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरत असते. सर्वसामान्य तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या करते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेरीची वाट पाहावी लागते. हा काळ सेकंदाच्या हजाराव्या भागांपैकी सुमारे ४ भाग. माणसाला तो जाणवणारही नाही. परंतु आय३-४१३० ह्या प्रोसेसरची गती ३.४ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला ३४० कोटी स्पंदने आहे. तबकडीच्या त्या अर्ध्या फेरीत त्याची सुमारे १ कोटी ४० लाख स्पंदने होऊन जातात! त्याच्या जागी दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला, तर तो एवढाच वेळ हात जोडून बसेल. तबकडीऐवजी एसएसडी नावाची साठवण बसवली, की फिरणारे काहीच उरत नाही आणि ही वाट पाहणे जवळजवळ संपते. संगणक सुरू होण्यातील फरक घरातील लहान मुलालाही त्याच दिवशी कळतो.

दोष कोठे आहे, हे अंदाजाने ठरवण्याचे कारण नाही. विंडोजमध्ये ‘टास्क मॅनेजर’ नावाची खिडकी असते. प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क किती टक्के गुंतली आहे, हे तेथे क्षणोक्षणी दिसते. संगणक रेंगाळत असताना ती उघडून पाहावी. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर १५-२० टक्क्यांवर असेल, तर दोष सुगरणीचा नव्हे. स्मृती काठोकाठ भरली असेल, तर रॅम वाढवावी. प्रोसेसरच सतत १०० टक्क्यांच्या आसपास राहत असेल, तरच त्याच्याकडे वळावे; आणि तेव्हाही आधी पेटी उघडून धूळ झाडावी. पंखा धुळीने गच्च भरला किंवा प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळून गेला, म्हणजे प्रोसेसर तापतो आणि स्वतःला जपण्यासाठी आपली गती आपणच उतरवतो. अशा वेळी नवा प्रोसेसर आणण्यापेक्षा एक मऊ कुंचला अधिक उपयोगी पडतो.

आता ताईचे काम पाहा. तिला स्नेहसंमेलनाची चित्रफीत कापून-जोडून तयार करायची आहे. ह्या कामात प्रोसेसर खरोखरच राबतो. आय३-४१३० मध्ये काम करणारी केंद्रे दोन आहेत. त्याच मदरबोर्डावर बसू शकणाऱ्या आय७-४७७० मध्ये चार. मौजेची गोष्ट अशी, की दोघांची मूळ गती ३.४ गिगाहर्ट्‌झ हीच आहे. म्हणून केवळ गतीचा आकडा वाचून निवड करणारा फसतो. चित्रफितीचे काम वाटून देता येते, तेव्हा चार केंद्रांचा मोठा लाभ होतो. सगळीच कामे अशी वाटता येत नाहीत. एका पोळीवर चार लाटणी चालत नाहीत.

शिवाय कोणताही प्रोसेसर कोणत्याही मदरबोर्डावर बसत नाही. वरील दोन्ही प्रोसेसरांना १,१५० संपर्कबिंदू असलेली बैठक लागते. तरीही केवळ बिंदू मोजून भागत नाही. इंटेलच्या सातव्या आणि आठव्या पिढीच्या प्रोसेसरांच्या बैठकीत बिंदू सारखेच, १,१५१, आहेत. पण आठव्या पिढीचा प्रोसेसर सातव्या पिढीच्या मदरबोर्डावर बसतो आणि चालत मात्र नाही. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीने दिलेली यादी पाहणे, हाच खात्रीचा मार्ग. वीजही विचारात घ्यावी लागते. आय३-४१३० साठी ५४ वॅट उष्णतेची तजवीज लागते, आय७-४७७० साठी ८४ वॅटची. जुना पंखा तेवढी उष्णता बाहेर टाकू शकेल काय, हे तपासलेच पाहिजे.

आणखी एक अडचण ह्या सर्वांहून मोठी आहे. विंडोज १० ह्या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर बहुतांशी आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. आय७-४७७० हा चौथ्या पिढीचा आहे. म्हणजे तो बसवूनही ह्या घराला विंडोज ११ अधिकृतपणे मिळणार नाही. आणि आठव्या पिढीकडे जायचे, तर मदरबोर्ड व रॅमही बदलावी लागेल. मग जुन्यापैकी राहिले काय? पेटी आणि पडदा! ह्या घराने शिल्लक पैशांतून एसएसडी आणि थोडी रॅम घेणे व विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली बसवणे अधिक शहाणपणाचे होईल. ताईचे चित्रफितींचे काम मात्र रोजचे झाले आणि वापरलेला आय७ स्वस्तात मिळाला, तर त्यानंतर तोही घेण्यास हरकत नाही.

तो बसवताना संगणकाची वीज पूर्णपणे तोडावी, अंगावरील स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या धातूला हात लावावा आणि प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोण बैठकीवरील खुणेशी जुळवावा. बैठकीतील केसासारख्या बारीक तारांपैकी एक जरी वाकली, तरी मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. काढलेला जुना प्रोसेसर कागदाच्या पाकिटात न टाकता मूळ प्लास्टिकच्या डबीत जपून ठेवतात, कारण नवा चालू झाला नाही, तर संध्याकाळच्या कामासाठी तोच परत बसवावा लागतो.