डांबरालाही ऊन लागतं



ऊसविकास अधिकाऱ्यानं रस्त्यावर लिहावं याचं काहींना नवल वाटेल. पण ऊस फडात कितीही चांगला पिकला तरी तो रस्त्यावरूनच गव्हाणीपर्यंत येतो. मागच्या सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं होतं, "साहेब, ज्या रस्त्यावरून गाड्या फारशा जात नाहीत, तोही तीन वर्षांत उकलतो कसा?" प्रश्न रास्त आहे.

आपण ठिबकच्या नळ्या वापरतो. त्या काळ्या का असतात? त्यांत दोन-अडीच टक्के काजळी घातलेली असते. ती ऊन स्वतःवर घेते, म्हणून नळी टिकते. साधी पांढरी नळी दोन उन्हाळे बांधावर पडू द्या, हातात घेतली की कडाकडा मोडते.

डांबराचं तसंच होतं. खनिज तेल शुद्ध करताना तळाला जो चिकट भाग उरतो, तेच रस्त्याचं डांबर. त्यात तेलकट अंश असतो तोवर ते खडीला धरून ठेवतं, थोडं ताणलंही जातं. ऊन, उष्णता आणि हवेतला प्राणवायू मिळून हा तेलकट अंश कमी करतात आणि डांबर कडक, ठिसूळ होतं. उन्हाची झळ वरच्या पातळ पापुद्र्यालाच बसते, पण चिरा तिथूनच सुरू होतात. मग मृगाचं पाणी चिरेत शिरतं, आणि हंगामाला पहिली गाडी निघेपर्यंत खड्डा तयार.

कोणी म्हणेल, डांबर तर आधीच काळं! खरं आहे, पण ते ऊन शोषून स्वतःच झिजतं. म्हणून त्यात काजळी मिसळण्याचे प्रयोग झाले. त्याहून आपल्या आवाक्यातली वस्तू म्हणजे विरी गेलेला चुना. मिश्रणात एक ते दोन टक्के चुना घातला तर खडीची पकड सुधारते आणि डांबर कडक होण्याचा वेगही मंदावतो.

तिसरी वस्तू आपल्या घरची आहे. झाडाच्या काष्ठात लिग्निन नावाचा पदार्थ असतो; ऊन आणि प्राणवायू दोन्ही अडवण्याचा गुण त्यात आहे. नागपूरजवळ मनसर येथे डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ४४ वर सुमारे एक किलोमीटर रस्ता डांबरात १५ टक्के लिग्निन मिसळून केला. आपल्या बगॅसमध्ये साधारण पाचवा हिस्सा लिग्निनच असतं. मात्र ते वेगळं काढावं लागतं. बगॅस तशीच डांबरात टाकली तर रस्त्याची माती होईल, हे उत्साही मंडळींनी ध्यानात घ्यावं.

आणि चुना घातला म्हणजे झालं असंही नाही. ठेकेदाराच्या माणसानं डांबर १६५ अंशांच्या वर उकळवलं, तर ते रस्त्यावर पडण्याआधीच म्हातारं होतं. रोलर कमी फिरला तर पोकळीतून हवा आत जाते. आपलंही थोडं चुकतं: रात्रपाळीचं पाणी दारं मोडून रस्त्यावर येतं आणि सकाळी कोणाचंच नसतं. त्यावर जगात कुठलं औषध नाही.

गट ऑफिसकडे जाणाऱ्या रस्त्याचं डांबरीकरण यंदा व्हायचं आहे. त्याच्या टेंडरमध्ये चुना धरावा आणि कामावर थर्मामीटर ठेवावा, असं पत्र मी संचालक मंडळाकडे दिलं आहे. काय ठरतं ते पुढच्या अंकात कळवीन.